पायी निघावे ते केव्हा?

प्रवासास निघावयाचे म्हटले म्हणजे कोठे जावयाचे, किती दिवस राहावयाचे आणि खर्च किती येईल, या तीन प्रश्नांचा विचार सामान्य मनुष्य करतो. केव्हा निघावयाचे, हा प्रश्न त्याच्या लेखी रजेशी निगडित असतो. आणि आगगाडीने किंवा मोटारीने जाणारास तेवढे पुरतेही. छपराखाली बसलेल्या माणसास चैत्र काय आणि कार्तिक काय, दोन्ही सारखेच. परंतु जो पायी निघतो त्याची गोष्ट निराळी. वर आभाळ आणि खाली माती, यांच्यामध्ये त्याचा मुक्काम. त्यामुळे ‘केव्हा’ हा त्याचा पहिला प्रश्न असला पाहिजे. हा प्रश्न आम्ही एकदा चुकीचा सोडविला आणि त्याची शिक्षा आम्हांस न होता दुसऱ्यास झाली. ती हकीकत सांगण्यासाठी आज लेखणी उचलली आहे.

आम्ही मूळचे गोव्यातील पेडण्याचे. घरची भाषा कोंकणी. शाळेतील, देवळातील आणि पोथीतील भाषा मराठी. घरच्या बोलीत वर्षाचे दोनच भाग आम्हांस ठाऊक होते, एक ‘पावस’ आणि दुसरा ‘गीम’. थंडीस नाव होते, परंतु ते उच्चारण्याची पाळी क्वचितच येई. पणजीस वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अशा ठिकाणी माणसाने वर्षाचे सारे गणित पावसाभोवती मांडावे यात नवल ते काय!

लहानपणी लांबचा पल्ला पायी चालणारी माणसे आम्ही वर्षातून दोन वेळा पाहत असू. एकदा ज्येष्ठात, पंढरीची दिंडी निघे तेव्हा. भर पावसात, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन, टाळ वाजवीत ती मंडळी घाटाच्या दिशेने जात. दुसऱ्यांदा नोव्हेंबरच्या अखेरीस, सावंतवाडीकडील ख्रिस्ती यात्रेकरू जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तास जात तेव्हा. पहाटेच्या गार हवेत, कोरड्या रस्त्याने, खांद्यावर लहानशी पिशवी टाकून ते चालत. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्या संताने देह ठेवला. तो दिवस काही कोणी ऋतू पाहून निवडलेला नव्हता. तरी चालणारास याहून अनुकूल हवा गोव्यात मिळावयाची नाही. मग पंढरीच्या वाटकऱ्यांनी नेमका पाऊसच का निवडला असावा, असे आम्ही आजीला विचारले असता ती म्हणाली, “देवाक भक्ताची परीक्षा घेवपाची आसता.” हे उत्तर आम्ही पुष्कळ वर्षे प्रमाण मानले.

पुढे पोटाच्या निमित्ताने आम्ही आदिलाबाद जिल्ह्यात आलो आणि मावल्यास स्थायिक झालो. आदिलाबाद शहराच्या दक्षिणेस, नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्याच वेळी मावला हे मंडलाचे ठिकाण झाले. येथील तलाव आणि रस्त्याच्या कडेचे हरितवन विद्यार्थ्यांस परिचित आहेच. येथे आम्हांस थंडी म्हणजे काय ते प्रथम कळले. पहिल्याच डिसेंबरात एके सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली, तर तेल बाहेर येईना. ते थिजून पांढरे दगड झाले होते. बाटलीत काही भेसळ असावी असे समजून आम्ही ती दुकानदाराकडे परत घेऊन गेलो. त्याने काही न बोलता ती उन्हात ठेवली आणि आम्हांस चहा पाजला. या जिल्ह्यात पारा काही रात्री पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि वैशाखात पंचेचाळीसच्या आसपास जातो. ज्याने आयुष्यभर वीस आणि पस्तीस यांच्यामध्ये दिवस काढले, त्याला ही दोन्ही टोके पुस्तकातील वाटत.

आमच्या वर्गात मराठी, गोंड, बंजारा अशा सर्व घरांतील मुले आहेत. त्यांच्या तोंडून केसलापूरच्या नागोबाची यात्रा आम्ही ऐकली. इंद्रवेल्ली मंडलात केसलापूर हे गाव आहे. पौष अमावास्येच्या रात्री मेश्राम कुळातील गोंड बांधव तेथे नागोबाची महापूजा करतात, आणि त्या पूजेस लागणारे गोदावरीचे पाणी जन्नारम मंडलातील हस्तिनामडुगू या डोहातून पायी चालत आणतात. जाण्यायेण्यास कित्येक दिवस लागतात. चालणारे अनवाणी असतात. हे ऐकल्यापासून आमच्या मनाने घेतले की आपणही मुलांना घेऊन मावल्याहून केसलापुरास पायी जावे. हमरस्त्याने गुडीहत्नूर, तेथून डावीकडे वळून मुत्नूर, आणि मग केसलापूर. अंतर सुमारे तीस किलोमीटर. दोन दिवसांत सहज होण्यासारखे. हस्तिनामडुगूच्या वाटेपुढे ते काहीच नव्हे, परंतु प्रारंभ कोठून तरी केला पाहिजे.

यात्रेच्या गर्दीत मुले नेण्यापेक्षा गाव शांत असताना न्यावीत, असे आम्ही ठरविले. आता प्रश्न ऋतूचा. शिक्षकांच्या खोलीत या विषयावर जो वाद झाला त्यात आम्ही फार विद्वत्ता पाजळली. उन्हाळा वर्ज्य, कारण उघड आहे. पावसाळा वर्ज्य, कारण चातुर्मासात यतीसुद्धा एका जागी राहतात. थंडीविषयी आम्हांस खोबरेल तेलाच्या अनुभवावरून धास्ती होती. राहिला शरद ऋतू. आमच्या पूर्वजांनी दसऱ्यास सीमोल्लंघन का ठरविले? पाऊस सरलेला असतो, नद्यांना उतार मिळतो, वाटा वाळतात, चारापाणी मुबलक असते. मराठ्यांच्या फौजा याच सुमारास बाहेर पडत. नर्मदेची परिक्रमा करणारेही चातुर्मास संपला की निघतात. शिवाय दसऱ्याची सुट्टी अनायासे होती. आमचे हे व्याख्यान ऐकून एक वडीलधारे सहकारी एवढेच म्हणाले, “फौजेतली माणसं दसऱ्याआधी काय करत होती, तेही पाहा.” त्यांचा रोख आम्हांस त्या दिवशी कळला नाही. अर्धाअधिक शिपाई शेतकरी होता, एवढे आठवले असते तरी पुरते.

२०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरास आला. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, चौदा मुलांसह आम्ही मावल्याहून निघालो. पालकांच्या सह्या, पाण्याच्या बाटल्या, औषधाची पेटी, सगळी सिद्धता होती. आकाश धुतल्यासारखे निळे. दोन्ही बाजूंस कपाशी उभी, काही शेतांत पहिली बोंडे फुटून पांढरी झालेली. सोयाबीनची कापणी जिकडेतिकडे चाललेली. आम्ही मुलांना शरद ऋतूचे सौंदर्य वर्णन करून सांगत होतो.

रस्ता चौपदरी आहे. अशा रस्त्यावर मोटारींची सोय फार, पायी चालणाराची नाही. सावलीचे झाड गाठावयाचे तर बरेच चालावे लागते. दहा वाजेपर्यंत सारे ठीक होते. मग ऊन चढू लागले. पावसाने हवेतील धूळ धुऊन गेलेली, जमिनीत ओल भरलेली, आणि वारा पडलेला; अशा वेळी शरदाचे ऊन जे करते ते वैशाखाचेही करीत नाही, कारण वैशाखात माणूस सावध असतो. साडेअकराच्या सुमारास आठवीतील एक मुलगा, नेहमी सर्वांच्या पुढे राहणारा, मागे पडू लागला. आम्ही त्यास चेष्टेने हाक मारली. तो हसला, दोन पावले चालला आणि रस्त्याच्या कडेला कोसळला.

त्या पुढील अर्धा तास आम्हांस नीट आठवत नाही, आणि जे आठवते ते लिहिण्याची इच्छा नाही. त्याचे अंग तापलेले होते आणि तो काहीतरी असंबद्ध बोलत होता. एका मालमोटारीच्या चालकाने गाडी थांबवून स्वतःजवळचे पाणी त्याच्या डोक्यावर ओतले. मग एक ऑटोरिक्षा मिळाली. दवाखान्यात सलाईन लावले, आणि सायंकाळी मुलगा शुद्धीवर येऊन, “गुरुजी, पोरं पोहोचली का?” असे विचारू लागला. पोरे कोठेही पोहोचली नव्हती. ती बसने परत आली होती.

त्याचे वडील आले तेव्हा त्यांच्या पायांना शेतातील माती तशीच होती. आम्ही क्षमा मागण्यासाठी शब्द जुळवीत होतो. ते रागावतील अशी आमची अपेक्षा होती, किंबहुना त्यांनी रागवावे असे वाटत होते. ते मुलाच्या उशाशी बसले, त्याच्या कपाळावरून हात फिरविला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “चार दिवस झाले गुरुजी, हा पहाटे चार वाजता माझ्यासंगं सोयाबीन कापायला येतो. मजूर भेटत नाही. आजही दोन तास कापून आला. जेवला नाही. म्हणला, उशीर झाला तर गुरुजी ठेवून जातील.” थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “तुम्ही सुट्टी पाह्यली. सुट्टी लेकरांना असते, वावराला नसते.”

या माणसाने आम्हांस उन्हाविषयी एक शब्दही ऐकविला नाही, ही गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक लागली. आम्ही ऋतूचा विचार केला होता तो आभाळ पाहून. वाटेवर कोण आहे, ते आदल्या दिवशी काय करीत होते आणि आपण नेले नसते तर आज काय करीत असते, याचा विचार आमच्या शरद ऋतूच्या व्याख्यानात कोठेच नव्हता.

त्यानंतर पंढरीच्या वाटेचा आम्ही पुन्हा विचार केला, आणि आजीचे उत्तर आम्हांस अपुरे वाटू लागले. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते व आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरास पोहोचते. मृगाचा पाऊस झाला, पेरणी उरकली, आणि पिकात निंदणी-खुरपणी सुरू होण्यास अवकाश आहे, अशी शेतकऱ्याला हात मोकळे असण्याची जी एक फट वर्षात सापडते ती ही. दुसरी गोष्ट आकाशाची. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस हा सारा प्रदेश सह्याद्रीच्या पाठीशी, पर्जन्यछायेत आहे. तेथील कित्येक ठिकाणी वर्षभरात पाच-सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो. त्यामुळे आषाढात त्या वाटेवर ढगांची सावली असते, अंगावर सरी येतात, परंतु पूर क्वचित. पेडण्याच्या अंगणातून पाहणाऱ्या मुलास जी परीक्षा वाटत होती, ती फलटणच्या माळावर चालणारास पावसाची कृपा आहे. एकच महिना, घाटाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा. कोणत्या महिन्यात चालावे, असे कोणी विचारले तर ‘कोठे?’ असा उलट प्रश्न केल्यावाचून उत्तर देता येणार नाही.

चातुर्मासाचा दाखला आम्ही मोठ्या तोऱ्याने दिला होता, त्याचेही मूळ शोधून पाहिले. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे असा नियम झाला, त्याचे जे कारण विनयग्रंथात दिले आहे त्यात भिक्षूंच्या भिजण्याचा प्रश्नच नाही. कोवळे गवत आणि बारीक जीवजंतू त्यांच्या पायांखाली तुडविले जातात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणजे येथेही चालणाऱ्याच्या सुखदुःखाच्या आधी जमिनीची अडचण. हे वाचले तेव्हा दवाखान्यातील त्या मातीने भरलेल्या पायांची आम्हांस आठवण झाली.

तथापि पुस्तकावरून सर्व मानण्याची आमची खोड एव्हाना मोडली होती. २०२५ च्या श्रावणात एका सुट्टीच्या दिवशी आम्ही एकटेच हमरस्ता सोडून गाडीवाटेने चालून पाहिले. आदिलाबादेस वर्षाकाठी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. पेडण्याच्या माणसाने त्याला काय भ्यावे! पण आमच्या गावची जांभी जमीन पाणी गाळून घेते आणि पाऊस थांबताच पाय कोरडा होतो. येथील काळी माती पाणी धरून बसते. शंभर पावलांत प्रत्येक चपलेखाली तीन-चार बोटे जाडीचा थर चढला. काडीने काढावा तर पुढल्या पन्नास पावलांत पुन्हा तेवढाच. आम्ही चपला हातात घेतल्या. मग धुऱ्यावरून चालू लागलो, तेव्हा दुरून एका बाईने ओरडून सांगितले की तिकडून नका जाऊ, तूर टोबली आहे. आम्ही पाहिले तो खरोखरच बोटभर रोपे उभी होती आणि त्यांतील दोन आमच्या टाचेखाली गेली होती. भिक्षूंचा नियम आम्हांस अशा रीतीने दुसऱ्यांदा समजला. एक किलोमीटर जाऊन आम्ही परतलो.

उन्हाळ्याचा अनुभव आम्ही घेतला नाही, परंतु त्या ऋतूत चाललेल्या एका थोर पुरुषाची आठवण या मुलखात व्हावयासच हवी. १९५१ सालच्या ८ मार्चला विनोबाजी वर्ध्याकडून पायी निघाले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हैदराबादेजवळील शिवरामपल्लीस सर्वोदय संमेलनास पोहोचले. सुमारे तीनशे मैलांची ती चाल. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्न होते. जन्म कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा, म्हणजे तेही आमच्यासारखे कोंकणपट्टीचे, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. हंगाम पाहून निघावयाचे असते तर कोणी फाल्गुन-चैत्रात दक्षिणेची वाट धरली नसती. संमेलनाची तारीख ठरलेली होती, आणि त्याहीपेक्षा त्या वेळी तेलंगणात जमिनीवरून जो रक्तपात चालला होता तो थंडीची वाट पाहत थांबणारा नव्हता. १८ एप्रिलला पोचमपल्लीस पहिले भूदान मिळाले आणि ऐन वैशाखात विनोबाजी गावोगाव चालत राहिले. पण त्यांनीही ऋतूला अगदीच झुगारून दिले असे नाही. उजाडण्यापूर्वी निघावयाचे आणि ऊन तापण्याच्या आत पुढचे गाव गाठावयाचे, हा त्यांचा शिरस्ता होता. पावसाळ्यात ते पवनारास परतले आणि १२ सप्टेंबरला पुन्हा पायी दिल्लीकडे निघाले. काम अडलेले असेल तर मनुष्याने ऋतूची वाट पाहू नये, हे खरे. पण आमच्या सहलीसाठी कोणाचे काय अडले होते?

शेवटी ज्यांना विचारावयास हवे होते त्यांना आम्ही विचारले. आमच्या एका गोंड विद्यार्थ्याचे आजोबा तरुणपणी पुष्कळ चाललेले. मोटार नव्हती तेव्हा उटनूरच्या बाजारास ते पायीच जात. त्यांच्या अंगणात बसून आम्ही कॅलेंडर पुढे केले. त्यांनी ते पाहिलेही नाही. “नाल्यात पाणी किती हाये ते पाह्यचं, गुर्जी,” ते म्हणाले. “गुडघ्याच्या वर असन तं जायचं नाई. आटलं असन तरीबी जायचं नाई, मंग वाटंत काय प्याल? घोट्याएवढं असलं म्हंजे निंघायचं.” मग खळ्याविषयी विचारले, तेव्हा म्हणाले की ज्वारी घरात आलेली असली की वाटसरूला कोणी उपाशी झोपू देत नाही, भाद्रपदात कणगी रिकामी, तेव्हा पाहुणा जड होतो. मेश्राम मंडळी ज्या गावांतून जातात त्यांना मुक्काम द्यावा लागतो, आणि मुक्काम देणाऱ्याच्या घरी काही असावे लागते. नागोबाची पूजा पौषातच का, याचे कारण देवाला ठाऊक, असे ते म्हणाले. पण आमच्या मनाने त्यांच्या तीन-चार वाक्यांतून एक कारण जुळविलेच. पौषात गोदावरी उतरलेली असते, नाल्यांत पिण्यापुरते पाणी असते, वाटा घट्ट झालेल्या असतात, धान्य घरात असते आणि हात बरेचसे मोकळे झालेले असतात. हे सारे एका वेळी जमून येईल असा दुसरा महिना या मुलखात आम्हांस तरी दिसत नाही.

उरली थंडी. तिच्याविषयी त्यांनी एवढेच सांगितले की चालणाऱ्याला थंडी वाजत नाही, थांबणाऱ्याला वाजते. तेव्हा दिवसाची फिकीर करू नका, रात्रीच्या घोंगड्या मोजा.

२०२६ साली पौष अमावास्या १८ जानेवारीस, रविवारी आली. यात्रेची गर्दी टाळण्याचा आमचा पूर्वीचा विचार आम्ही सोडून दिला होता. ज्या वाटेवर सगळे चालतात त्या दिवशी ती वाट सुरक्षित असते, हे उशिरा लक्षात आले. या खेपेस सुट्टी पाहण्यापूर्वी आम्ही घरोघर गेलो. कोणाची कपाशी राहिली आहे, कोणाची तूर खळ्यात आहे, हे विचारून घेतले. तीन घरांतून अजून एक वेचणी बाकी आहे, असे उत्तर आले. त्या मुलांस आम्ही घेतले नाही. ती हिरमुसली. त्या तिघांत तो मुलगा नव्हता. त्याच्या वडिलांनी सांगितले की यंदा पावसाने बोंडे सडली, वेचणी लवकर संपली. असल्या कारणाने मोकळा झालेला मुलगा घेऊन जाण्यात आनंद कसला मानावा, हे आम्हांस कळेना. त्यांनीच आमची अडचण ओळखली असावी. “मीबी येतो,” ते म्हणाले. “देवाला सांगायचंच आहे काहीबाही.”

शनिवारी सकाळी सात वाजता निघालो. धुके इतके दाट होते की हमरस्त्यावरील गाड्या दिवे लावून, दबकत येत होत्या. म्हणून पहिला तासभर आम्ही मुलांना एका रांगेत, कडेच्या मातीवरून चालविले. बोलताना तोंडातून वाफ निघे आणि मुले त्याचीच गंमत करीत. नऊ वाजता धुके विरले. मग जे ऊन पडले त्याला ऊन म्हणावे की माया म्हणावी! गेल्या खेपेस जेथे मुलगा पडला होता ती जागा आम्ही दुरूनच ओळखली. तेथे तो थांबेल, काही बोलेल, असे वाटले होते. तो बापाबरोबर गप्पा मारीत तिच्यावरून तसाच पुढे गेला. थांबलो ते आम्हीच, चपलेत खडा गेल्याचे निमित्त करून.

गुडीहत्नुरास परिचितांकडे मुक्काम केला. घोंगड्या मोजून आणल्या होत्या तरी दोन कमी पडल्या. रात्री दोघांत एक घेऊन निभावले. आम्ही स्वतः पहाटेपर्यंत जागे होतो. आमच्या पेडण्याच्या रक्ताला त्या रात्री जे वाटले ते विद्यार्थ्यांपुढे सांगण्यासारखे नाही. सकाळी एका घरातून उकडलेल्या तुरीच्या शेंगा आल्या, त्या खात खात पुढे निघालो. मुत्नुरानंतर वाट माणसांनी भरू लागली. बैलगाड्या, जीपगाड्या, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया, आणि मधूनच वाद्यांचा आवाज. नाला लागला तेव्हा एका मुलाने पाण्यात उतरून पाहिले. घोट्याला लागून पाणी थोडे वर येत होते. तेथे सर्वांनी तोंडे धुतली.

केसलापुरास दिवस मावळण्यापूर्वी पोहोचलो. वडाच्या झाडांखाली मेश्राम मंडळींचा तळ होता. गोदावरीचे पाणी घेऊन आलेली माणसे त्यांतच बसलेली होती. आम्ही त्यांच्या पायांकडे पाहिले आणि आमच्या तीस किलोमीटरांविषयी कोणाशी काही न बोलण्याचे ठरविले. नवीन सुनांची नागोबाशी भेट घालण्याचा विधी येथे होतो, त्याला ‘भेटिंग’ म्हणतात. ती झाल्यावाचून सुनेस कुळाच्या पूजेत भाग घेता येत नाही, असे मुलांनीच आम्हांस समजावून दिले. त्या अमावास्येच्या रात्री शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, याचा उलगडा करणे अवघड झाले होते.

सोमवारी बसने परतलो. वाटेत तो मुलगा आमच्या शेजारी येऊन बसला. त्याने खिशातून लहानसे पंचांग काढले. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून तिथी दर वर्षी मागे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते, हे आम्ही वर्गात शिकविले होते. त्याचा असा उपयोग कोणी करील असे वाटले नव्हते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे पुढची पौष अमावास्या ६ फेब्रुवारी २०२७ ला येते, असे त्याने बोटाने दाखविले. मृग मात्र सूर्याप्रमाणे जूनमध्येच लागतो, पेरणी काही पुढे जात नाही. तेव्हा फेब्रुवारीपर्यंत कपाशी सगळ्यांचीच वेचून होईल, आणि या वर्षी राहिलेले ते तिघेही येऊ शकतील, असा त्याचा हिशेब होता.

हिशेब बिनचूक होता. आम्ही त्यास शाबासकी दिली. मग त्याने पंचांगाचे एक पान उलटले आणि म्हणाला, “पण गुरुजी, मार्चात माझी दहावीची परीक्षा हाये.”

आम्ही खिडकीबाहेर पाहिले. गुडीहत्नूर मागे पडले होते. तो पान पुढेमागे करीत राहिला, आणि मावला येईपर्यंत आम्ही दोघेही त्या दोन तारखांमधील दिवस मोजीत होतो.